एक पाय पायरीवर

चांगुने, तू गेलीस त्याला आज आठ दिस झाले. आज पयल्यांदा मी थांब्यावर गेले. पाटीत वालाच्या शेंगा व्हत्या आनि मुळ्याच्या जुड्या. सातची गाडी आली. मी पाटी वर ठेवली, एक पाय पायरीवर टाकला, एक खालीच ठेवला आनि उभी ऱ्हायले. कंडक्टर नवाच हाय, त्याला आपलं काय ठाऊक न्हाय. तो बोलला, "चला आजी, कोण यायचंय अजून?"

मी बोलले, "कोन न्हाय," आनि वर चढले.

भिवंडी येईपर्यंत माज्या पायाला तेच वाटत व्हतं. जसा काय तो अजून खालीच ऱ्हायलाय.

घरी कोनाला सांगायचं न्हाय ह्ये. दत्तूला सांगितलं तर बोलंल, आये, म्हातारी झालीस, बाजार सोड. सून बोलंल, चा घ्या. म्हनून तुलाच सांगते. तुला सगलं ठाऊक हाय, तरी सांगते. एक तेवढं ठाऊक नसंल. का असंल, ते मला कळत न्हाय. तिथवर येते मी. येळ लागंल. तुला तरी आता कुठं जायचंय.

आपला थांबा पयला कसा व्हता, आठवतो का? बोर्ड न्हवता, शेड न्हवती, काय न्हवतं. उंबराखाली एक काळा दगड, तुज्या घराकडनं येनारी वाट आनि माज्या पाड्याची वाट जिथं मिळते तिथं. गाडी दिसली का हात करायचा. ड्रायवरच्या मनात असलं तर थांबायचा, न्हाय तर धूळ उडवून जायचा. त्या दगडावर मी पयल्यांदा बसले ती काय बाजारासाटी न्हाय. दत्तूचा बापूस त्या जागेवरनं यष्टीत चढला व्हता. मुंबईला गोदीत काम बगतो बोलला. आठ दिसांनी येतो बोलला. दत्तू तवा रांगत व्हता.

आठ दिस झाले, महिना झाला. मी सकाळी दळन दळून, पानी भरून, पोराला कडंवर घिऊन दगडावर यायची. एकेक गाडी यायची, उतरनारे उतरायचे. मी त्यांच्या पायांकडं बगायची, तोंडाकडं न्हाय. त्याची चप्पल मला वळखता आली असती. लोक पयले इचारायचे, मग इचारेनासे झाले. कोन कोन दुसरीकडं बगून जायचे. घरात खायला न्हवतं. सासरे बोलायचे, कामाला लाग. मी बोलायची, उद्या.

तू रोज पाटी घिऊन यायचीस. एवढी उंच बाय, नाकात मोठी नथ, पायात काय न्हाय. किती दिस तू काय बोललीस न्हाय. मग एक दिस गाडीची वाट बगत माज्या बाजूला बसलीस आनि बोललीस, "हिरे, रोज उभी ऱ्हातेसच, तर पाटी घिऊन उभी ऱ्हा. त्यो आला तर आला. न्हाय तर मुळे तरी इकले जातील."

मला राग आला व्हता, खरं सांगते. तुज्याशी बोलले न्हाय. पन दुसऱ्या दिशी मी पाटी आनली. मुळे न्हवते, शेवग्याची पानं व्हती, कुंपनावरची. तू माज्या पाटीत बगून हसलीस आनि तुज्या पाटीतल्या दोन जुड्या माज्या पाटीत टाकल्यास. बाजारात मला तुज्या बाजूला बसवलंस. निजामपुऱ्याच्या तोंडाशी, मशिदीच्या अलीकडं, त्या बांगडीवाल्या चाचाच्या शेजारी. कुनी भाव पाडून मागितला का मी देऊन टाकायची, तवा तू बोलायचीस, "तिला इचारू नका, मला इचारा. ती मुकी हाय."

दत्तूचा बापूस आलाच न्हाय. पुढं कळलं, तिकडं दुसरं घर केलं. मला ज्यानं सांगितलं त्याला वाटलं मी रडनार. मी इचारलं, मुळा घेतोस का.

तुला येळेवर येनं कंदी जमलंच न्हाय. सासू तुजी अंथरुनावर, तिला उठवायचं, धुवायचं, पेज भरवायची, मग वहाळ उतरून बांधावरनं यायचं. गाडी यायची तवा तू अर्ध्या बांधावर. आनि गाडी कोनासाटी थांबते? मग ते पायाचं झालं. तूच शिकवलंस. बाय मानसाचा एक पाय पायरीवर आनि एक जमिनीवर असला, तर कंडक्टर घंटी मारत न्हाय. पडली तर त्याच्यावर येतं. तेवढा येळ काय तरी बोलत ऱ्हायचं. भांडन काढायचं.

माज्यासाटी तू थांबवायचीस ते ऐकायला गाडीतली मानसं टपलेली असायची. मला कंदी पोरामुळं उशिर झाला, तर मी लांबनंच तुजा आवाज ऐकायची.

"कोंबडीला तिकीट कशाला? ती काय सीटवर बसलीय?"

"बाई, कोंबडी न्यायची तर हाफ तिकीट."

"मग तिला खिडकी द्या. हाफ तिकिटाला खिडकी भेटते का न्हाय, सांगा."

"अहो, वर या नाहीतर खाली उतरा. तळ्यात का मळ्यात ते ठरवा एकदा."

"तुमीच सांगा मळा कुठला. मी काय शिकलेली हाय?"

तवर मी येऊन पोचायची. मग तू लगेच वर चढायचीस, जसं काय भांडन झालंच न्हाय, आनि मफलरवाला तो कंडक्टर कपाळाला हात लावून घंटी मारायचा. त्याला सगलं ठाऊक व्हतं. कितीतरी वर्षं तोच व्हता आपल्या गाडीवर.

माजी पाळी आली तवा मला बोलताच येईना. तू बांधावर दिसत व्हतीस, पाटी डोक्यावर, भराभर येत. मी पाय ठेवला पायरीवर आनि गप. तो बोलला, चल वर. मी गप. तो बोलला, "बहिरी आहेस का गं?" मी गप. सगले बगाया लागले. घाम फुटला मला. मग मी बोलले, "माजा पाय अडकला." त्यानं वाकून पाय बगितला. पाय मोकळा. आख्खी गाडी हसली. तू आलीस, इचारलंस, काय बोलली गो ही? कोन तरी सांगितलं. तू भिवंडी येईपर्यंत हसत व्हतीस. उतरल्यावर बोललीस, "दुसऱ्या टायमाला पोट दुखतं म्हन. पाय काय तो वाकून बगतो."

मी शिकले मग. तुज्यासारखं न्हाय, पन शिकले. सुट्टे न्हायत, पदर दारात अडकला, पाटीतला मुळा पडला, ही गाडी नक्की भिवंडीचीच ना. मी तोंड उघडून परक्या मानसाशी बोलायला शिकले ते त्या पायरीवर, तुज्यामुळं.

दंगल झाली, करफू लागला व्हता त्या साली किती दिस गाडीच आली न्हाय. बाजार बंद, रस्त्यावर कुत्रं न्हाय. तरी तू सकाळी दगडावर येऊन बसलीस, आनि मीपन आले. इचारलं, तू कशाला आलीस? तू बोललीस, "गाडी आली तर?" तुला ठाऊक व्हतं येनार न्हाय, मलापन ठाऊक व्हतं. रोज आलो आपन. बसायचो, वाल सोलायचो, तो चाचा जिता असंल का म्हनायचो, आनि ऊन चढलं का आपापल्या घरी. गाडी सुरू झाली त्या दिशी तू बाजारात पाटी टेकवायच्या आधी त्याच्या दुकानाकडं गेलीस. दुकान उघडं व्हतं. तो बोलला, "आ गईं दोनों? मैं समझा अब नहीं आओगी." तू त्याच्यापुढं शेंगांचा ढीग ओतलास.

आता बोर्डाचं.

दत्तू सातवी शिकलेला, कापडाच्या लूमवर कामाला लागलेला. त्यानं अर्ज लिवला, थांब्याला बोर्ड पायजे म्हनून. बोर्ड असला का ड्रायवरला थांबावं लागतं, असं तो बोलला. पाड्यातल्या सगल्यांचे अंगठे घेतले, तुजापन घेतला. तू अंगठा दिलास तवा दत्तूच्या डोक्यावरनं हात फिरवलास आनि बोललीस, आपल्या दगडाला आता सरकारी मान भेटनार. मलापन तसंच वाटत व्हतं. दगड हाय तिथंच बोर्ड लागनार, दुसरं कुठं लागनार.

खड्डा खनायला मानसं आली ती रस्त्याखालच्या मोरीच्या पलीकडं. दगडापासनं तीनशे पावलं, आमच्या घराच्या बरोबर समोर. दत्तू बोलला, हितं रस्ता सरळ हाय, गाडी लांबनं दिसते. तुला मी कंदी सांगितलं न्हाय, पन मी तिथं उभी व्हते. खननाऱ्यानं मला इचारलं, "मावशी, इथं बरं का तिकडं झाडाखाली?" मी दत्तूच्या तोंडाकडं बगितलं. आयुष्यात पयल्यांदा आमच्या घरासमोर काय तरी येत व्हतं. मी बोलले, हितंच.

बोर्ड लागल्यावर ड्रायवर दगडापाशी थांबेना. आधीच उशिर व्हनारी तू, तुला तीनशे पावलं वाढली, आनि मोरीचा चढ. तिसऱ्या का चवथ्या दिशी तू आलीस, घामानं भिजलेली, आनि सगल्या बायांच्या देखत मला बोललीस, "तुज्या पोरानं माज्या अंगठ्यानं माजा थांबा चोरला."

मी बोलले, "चोरला काय? सरकारी मानसानं लावला."

"सरकारी मानसाला तुजंच दार दिसलं?"

"रस्ता सरळ हाय हितं."

मग तू ते बोललीस. हळूच बोललीस, वरडली न्हायस. "बरोबर हाय. घरातला मानूस थांबवता आला न्हाय, आता दारात गाडी थांबवते."

दुसऱ्या कुनी म्हटलं असतं तर मी पुसून टाकलं असतं. बाकीच्यांनी म्हटलंच व्हतं, माज्या मागं, पुढं. तू न्हवतं म्हनायचं. माज्या हातात पाटी दिली ती तू.

चार महिने आपन बोललो न्हाय. तू त्या चार महिन्यांत एकदापन उशिरा आली न्हायस. माज्या आधी येऊन बोर्डाच्या पलीकडं उभी ऱ्हायचीस, रस्त्याकडं तोंड करून. पायरीवर पाय ठेवायची गरजच पडली न्हाय. मफलरवाला बोलला, "आज भांडण नाय, कोंबडी नाय, गाडी टायमावर. काय झालं बायांनो?" बाजारात तू चाचाच्या त्या अंगाला बसाया लागलीस. तो मधे. त्याला दोन्हीकडनं गप बसलेल्या बाया.

आनि मग त्यो दिस.

सातची गाडी आली, तू न्हवतीस. मी मनात बोलले, बरं झालं. पाटी वर ठेवली, पाय ठेवला. तुज्या बांधाकडं बगायचं न्हाय असं ठरवून बगितलं. तू येत व्हतीस. चालत न्हाय, धावत. पदर खांद्यावरनं सुटलेला. एक हात वर केलेला. आनि चांगुने, तुज्या डोक्यावर पाटी न्हवती.

ह्ये मी बगितलं. पाटी न्हवती, म्हंजे तू बाजाराला निघाली न्हवतीस. बाजाराशिवाय तू सातच्या गाडीला धावतेस, म्हंजे काय तरी झालंय. ह्ये सगलं मला तवाच कळलं. मागनं कळलं असं म्हनून मी सुटू शकले असते, पन ते खोटं हाय. मला तवाच कळलं.

कंडक्टरनंपन बगितलं. तो बोलला, "ती तुमची जोडीदारीण येतेय वाटतं. थांबू का?"

त्यानं इचारलं. मला भांडायचं न्हवतं, पोट दुखवायचं न्हवतं, कायच करायचं न्हवतं. नुसतं हां बोलायचं व्हतं.

मी बोलले, "ती न्हाय येत. शेतावर चाललीय. सोडा."

आनि पाय उचलून वर घेतला. त्यानं दोनदा घंटी मारली. मागच्या काचेतनं मी बगितलं. तू बांधाच्या टोकाला उभी ऱ्हायलीस, हात अजून वरच व्हता. मग तू रस्त्यावर उतरलीस आनि गाडीच्या मागं चालाया लागलीस. वळनावर दिसेनाशी झालीस.

साडेधाच्या सुमाराला चाचा बोलला, "मौसी, तुम्हारी जोड़ीदार पैदल आई है. पाँव देखो उसके." मी वर बगितलं. तू आमच्या पुढनं गेलीस, सरळ, निजामपुऱ्याच्या गल्लीत, तुज्या लेकीच्या, लक्षीच्या घराकडं. आमच्याकडं बगितलं न्हायस. पाय गुडघ्यापर्यंत मातीचे, अंगठा फुटलेला.

दुपारी बायांनी सांगितलं. लक्षीला रात्री मुलगा झाला, महिनाभर आधीच. श्वास धड लागत न्हवता. रातपाळी सुटून सायकलवर घरी जानाऱ्या एकानं पहाटे तुला निरोप दिला, पोर जगतंय का न्हाय, या. नऊ वाजता गेलं ते. एवढंसं पोर, मानसांनी लगेच उचलून नेलं. तू पोचलीस तवा दारात पानी ओतलेलं व्हतं. गाडीनं आली असतीस तर आठच्या आत पोचली असतीस.

मी त्या दिशी सगले मुळे इकले. काय भावानं इकले ते आठवत न्हाय.

महिनाभर तू आली न्हायस. मग एक दिस आलीस, पाटी घिऊन. मी बोर्डाच्या खाली उभी व्हते. तू पलीकडं गेली न्हायस. माज्याजवळ आलीस आनि बोललीस, "सर गो जरा."

मी सरकले. पाच महिन्यांनी तू माज्याशी बोललीस ते एवढंच. मला वाटलं आता सांगावं. गाडी दिसाया लागली व्हती. तवा तूच इचारलंस, माज्याकडं न बगता, "त्या दिशी गाडी येळेच्या आधी सुटली का गो?"

मी बोलले, "हां. आधीच सुटली."

"मला वाटलंच," तू बोललीस. "ड्रायवर नवा असंल."

ड्रायवर नवा न्हवता. तू बांधावर व्हतीस, चारशे पावलांवर. गाडी उभी तुला दिसत व्हती. पायरीवर मी व्हते, ह्ये तुला दिसत नसंल असं मी सहा वर्षं स्वताला सांगत आले. तुजी नजर चांगली व्हती, घार कुठं बसलीय ते सांगायचीस. मग तू इचारलंस कशाला? मला सांगायला जागा दिलीस का लपायला? ह्येच मला कळत न्हाय. लपायला दिली असशील तर मी लपले. सांगायला दिली असशील तर ती गाडीपन माजी चुकली.

त्याच्यानंतर सहा वर्षांत मी एकदापन पाय वर घेतला न्हाय तू आल्याशिवाय. लोकांनी शिव्या दिल्या. एकदा लूमवाला एक भय्या दाराशी येऊन वरडला, "अरे माई, हमारी ड्युटी जाएगी, चढ़ती क्यों नहीं?" मी त्याला बोलले, तुजी ड्युटी जाईल, माजी हितंच हाय. तू ते ऐकलंस आनि बोललीस, "हिरे, मुकी व्हतीस तवा बरी व्हतीस." तू हसत व्हतीस. मला हसता आलं न्हाय.

आपन बोललो बाकी सगलं. तुजी सासू गेली त्याचं, दत्तूच्या बायकोचं, अंजूरकडं कोन जमीन इकतंय त्याचं. बोर्डावरनंपन भांडलो परत, पन हलकं. तू शेवटपर्यंत म्हनायचीस, झाडाखाली सावली तरी व्हती. मी म्हनायची, हितं गाडी तरी थांबते. तुजं बरोबर व्हतं. ह्ये एक भांडन तू जिंकलीस, घे. पन त्या पोराचं तू एकदाच काढलंस. पाऊस व्हता, गाडीला उशिर झालेला, दोघी एका इरल्याखाली उभ्या. तू बोललीस, "लक्षी सांगते, नाक माज्यावर व्हतं त्याचं."

मी तुज्या नाकाकडं बगितलं.

आता तुज्या मरनाचं. काविळीनं तू पंधरा दिस घरात व्हतीस. मी येऊन जायची. डोळे पिवळे, हात काटक्या. बुधवारी मी बाजारात गेले, दुपारी येते बोलून गेले. धाच्या गाडीच्या कंडक्टरनं निरोप आनला. तो माज्या पाटीपुढं उभा ऱ्हायला आनि बोलला, "तुमच्या थांब्यावरची दुसरी बाई गेली." तुजं नाव त्याला ठाऊक न्हवतं. आपलं नाव तेवढंच व्हतं त्या गाडीत, दोन बाया.

चाचानं माजी पाटी उचलून आपल्या दुकानात ठेवली. बोलला, "जाओ मौसी." परतीची गाडी साडेबाराला. मी डेपोत बाकावर बसले. मला ठाऊक व्हतं, काविळीचं मानूस ठेवत न्हायत, आनि मानसं शिफ्टवाली, त्यांना दोनच्या आत मोकळं व्हायचं असनार. मी पोचनार न्हाय. मी बसल्या बसल्या बोलले, बरोबर हाय. तुला न बगता ऱ्हायले तर बरोबर हाय.

बोर्डापाशी उतरले, बांधावर आले. लांबनं तुज्या अंगनात मानसं दिसली. उभी. उनात. मला वाटलं नेऊन परत आली. मग तिरडी दिसली, खालीच व्हती. कोन तरी बोललं, "आली, आली म्हातारी." माज्यानं धाववत न्हाय आता. सगले माज्याकडं बगत व्हते आनि मी आपली एकेक पाऊल टाकत येत व्हते. बांध संपतच न्हवता.

तुजा पुतन्या चिडला व्हता. बोलला, "दीड तास झाला मावशी. दोघांची ड्युटी बुडाली." लक्षी तिरडीच्या बाजूला बसली व्हती, तुज्या पायावर हात ठेवून. ती त्याला बोलली, "बुडू दे. आयनं सांगितलं व्हतं, हिराला उशिर झाला तर थांबा."

तिनं तुज्या तोंडावरचं फडकं काढलं. मी बगितलं तुला. तुजं नाक बगितलं.

पाचव्या दिशी मी तुज्या घरी गेले. लक्षी एकटी व्हती, वसरीवर तांदूळ निवडत. मी बसले. बोलले, "लक्षे, एक सांगायचंय. तुजा पोरगा गेला त्या दिशी तुजी आय गाडीला धावत आली व्हती. मी पायरीवर व्हते. मी बगितलं तिला. कंडक्टरनं इचारलं थांबू का. मी नको बोलले."

तिचा हात थांबला न्हाय. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला.

"तुमी बगितलं?"

"हां."

"आय मला बोलली, गाडी आधीच सुटली."

"ते मीच तिला सांगितलं."

तिनं सुपातले तांदूळ हलवले. मग बोलली, "माज्या हातात ताकद न्हवती त्याला धरायची. सुईनीच्या मांडीवर गेला त्यो. आय असती, तर आपल्या मानसाच्या मांडीवर गेला असता."

मी हां बोलले. पाया पडायला मी उठले, पन ती सूप घिऊन आत गेली. आत भांड्यांचा आवाज येत व्हता. मी वसरीवर बसले, ऊन पायावर येईपर्यंत. मग चप्पल घातली आनि निघाले.

सुतकाच्या घरातनं निघताना येते म्हनायचं नसतं, तुला ठाऊक हाय. म्हनून मी काय म्हनले न्हाय. तिनंपन आतनं ये म्हटलं न्हाय. आता ते रीत म्हनून म्हटलं न्हाय, का माजं तोंड परत बगायचं न्हाय म्हनून, ह्ये बांधावरनं येताना मी इचार करत आले, आनि तीन दिस झाले तेच करतेय.

तू असतीस तर तुला इचारलं असतं. तू काय तरी टोचून बोलली असतीस आनि मला कळलं असतं.

परवा दहावा. बोलावनं आलं न्हाय, तरी मी जानार हाय. पानी सोडतील, सुतक फिटंल, बाया आपापल्या घराला निघतील. मी शेवटी निघनार. लक्षीच्या समोर उभी ऱ्हाऊन येते म्हननार, तिला ऐकू जाईल असं. मग ती काय बोलते ते ऐकीन. गप ऱ्हायली, तरी ऐकीन.